शेवटून दुसरं नाव

भीमसिंगमामांनी माझं जितकं डोकं खाल्लं, तितकं माझ्या सख्ख्या भावानंही खाल्लं नसेल. आणि मी काही गरीब गाय नाही. अब्बा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या कहकशाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, जरा जपून." मामा जपून बोलायचे, हात जोडून बोलायचे, पण प्रश्न विचारायचे काही सोडायचे नाहीत.

जवळा बाजारात बसस्टँडच्या मागं अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी घेऊन यायचे, अब्बा तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत मी कम्प्युटरचा क्लास काढला, ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. औरंगाबादला खालाकडं राहून मी कोर्स केला होता आणि इथं येऊन काय करायचं म्हणून ही उठाठेव. पोरंपोरी यायची ती सर्टिफिकेटसाठी. लाईट असली की शिकवणी, लाईट गेली की गप्पा. आणि लाईट बहुतेक गेलेलीच.

एका बाजारच्या दिवशी दारात सायकल टेकवून एक उंच, काळासावळा माणूस आत आला. खाकी शर्ट, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या. मी ओळखलं, अब्बांचे दोस्त भीमसिंग राठोड. माळावरच्या तांड्यातले. कालव्यावर पाटकरी होते. सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटलं की ते मोठ्या कालव्यातून छोट्या चारीत आणि चारीतून एकेका शेतात पाळीपाळीनं सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. मला वाटलं अब्बांकडं आले असतील. तर हे चप्पल बाहेर काढून थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत.

"मॅडमबाई, मशीनला पाळी लावायला सांगता येतं का?"

"मामा, मला कहकशा म्हणा. लहानपणी खांद्यावर घेऊन बाजार दाखवलाय तुम्ही मला."

"ते भाईर. हितं तुमी मॅडमबाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चारीवर पाण्याची पाळी कशी लावली, यावरून दरसाल भांडण व्हायचं. मामांचं स्वतःचं शेतही त्याच चारीवर, तांड्याच्या माळाला लागून. चारीच्या शेपटाकडं, म्हणजे पार टोकाला, ग्यानबा नावाचा शेतकरी होता, तो भर बैठकीत म्हणायचा, "पाटकऱ्याचंच शेत चारीवर, मंग तो दुसऱ्याचं कशाला बघंल?" मामांनी कधी कुणाचं थेंबभर पाणी इकडचं तिकडं केलं नव्हतं, पण असं बोलणं ऐकून माणूस आतून कुरतडला जातो. आता त्यांच्या पाटबंधारे शाखेच्या ऑफिसात कम्प्युटर आला होता आणि कापडी कव्हरखाली नुसता बसून होता. मामांच्या डोक्यात आलं, मशीननंच पाळी काढली तर कुणाच्या तोंडाला काही बोलायला जागाच राहणार नाही.

मी म्हटलं, त्यासाठी प्रोग्राम लिहावा लागतो. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला पायथन नावाची प्रोग्रामची भाषा मिळाली होती, फुकटची होती, आणि मी स्वतःच ती अजून शिकून राहिले होते. मामांपेक्षा मी दोन धडे पुढं असेन, जास्त नाही. पण मास्तरणीनं हे कबूल करायचं नसतं.

आणि मग सुरू झाले प्रश्न.

"बाई, पहिल्या शेताला ही मशीन शून्य नंबर काहून देती?"

"यादीतली मोजणी शून्यापासून असते. पाठ करा."

"पाठ करतो. पण काहून? तो पहिला शेतकरी माझ्या अंगावर धावून येईल, मला शून्य समजतो का म्हणून."

मला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि उत्तर ठाऊक नसलं की मला दुप्पट राग येतो. मी म्हटलं, "आजचा क्लास संपला, घरी जा." दुसऱ्या दिवशी हे हजर, तोंडभर हसत. "बाई, कालव्यावरच्या दगडांचं बी तसंच हाये की! मुखापाशी शून्याचा दगड. मुखापासून किती दूर, ते मोजायचं. पहिला दूर न्हाईच, म्हणून शून्य." मी म्हटलं, व्हय, मी तेच सांगणार होते. त्यांनी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

एकदा यादीतल्या नावांना एकेक करून हाक मारायची असं शिकवलं. मामांनी यादी न देता नुसतं एकच नाव दिलं, बायकोचं, मोतीबाई. पडद्यावर एका ओळीत एक अक्षर, खाली दुसऱ्या ओळीत दुसरं, असं उभं नाव पडलं. मामा घाबरून उठले. "बाई, म्या मोतीबाईला एकच हाक मारली. तिचे तुकडे काहून केले ह्यानं?" मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. मग सांगितलं, नाव म्हणजे अक्षरांची माळ, तुम्ही माळच हातात दिली तर मशीन मणी मोजत बसणार. नावांची यादी द्यायची तर चौकटी कंसात द्या. घरी जाऊन त्यांनी मोतीबाईला ही गोष्ट सांगितली असणार, कारण पुढच्या बाजारी ती स्वतः आली आणि मला डोळे मोठे करून म्हणाली, "माजं नाव मशीनीत घालू नका हां पुन्ना."

नावांनी तर जीव खाल्ला. नावं इंग्रजी अक्षरांत टाकायची, आणि मी शिकवलं होतं, मोकळी जागा दिसली की तोडायचं, पहिला तुकडा नाव, मधला बापाचं नाव, शेवटचा आडनाव. मी ऐटीत माझंच नाव टाकून दाखवलं, शेख कहकशा शेख नासेर. मशीन म्हणे, नाव शेख, आडनाव नासेर. अब्बा दुकानातून ओरडले, "चला, घरात दोन नासेर झाले!" मग मामांनी त्यांच्या शेजारणीचं नाव टाकलं, नानीबाई भ्र. लखमा. आमच्याकडं सरकारी कागदावर बाईच्या नावापुढं असा भ्र., म्हणजे भ्रतार, लावून नवऱ्याचं नाव जोडतात. नवरा मरतो, भ्र. काही मरत नाही. मशीननं त्या भ्र.लाच तिच्या बापाचं नाव करून टाकलं. शेवटी मोकळ्या जागेचा नाद सोडला आणि प्रत्येक ओळीत स्वल्पविराम घातले. नाव, मग माती, मग पीक. स्वल्पविरामावर तोडायचं. तेही एकदम जमलं नाही, कारण कुठं मुरमाड लिहून पुढं एक मोकळी जागा राहिलेली, आणि मशीनच्या लेखी ती माती वेगळी.

"डोळ्याला जे दिसत न्हाई ते ह्याला दिसतं?" मामा म्हणाले.

"व्हय. म्हणून आधी कडेची मोकळी जागा झाडून घ्यायची."

"झाडून घेतो."

असं चालायचं. मी चिडायचे, ते हसायचे, लाईट जायची. मी कुणाला सांगितलं नाही, पण ते आले नाहीत की मला क्लासात करमायचं नाही.

कालव्यावरच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण मामांचा सगळा जीव त्यातच होता. शेत भिजलं की मालकानं बांधावर उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, "बराबर!" ते ऐकल्याशिवाय मामा त्या शेताकडं पाणी सोडणारं दार पाडत नसत. वेळ संपत आली तर स्वतः हाक मारायचे, "बराबर का?" आणि तिकडून "बराबर" आलं की लोखंडी दार खाली. मामा म्हणायचे, "बाई, इतक्या वर्साच्या नोकरीत म्या एकबी दार बराबर ऐकल्याबिगर पाडलं न्हाई." बाकी कशाचा गर्व त्यांना नव्हता. याचा होता.

तर त्या हिवाळ्यात धरणात पाणी कमी होतं. शाखेच्या साहेबांनी ठरवलं, चारीवर ज्यांची जमीन मुरमाड, हलकी आहे त्यांच्या गव्हाला आधी पाणी, काळ्या जमिनीला नंतर. काळी जमीन ओल धरून ठेवते, मुरमाड धरत नाही. पाळी लावायची ती रिवाजाप्रमाणे शेपटाकडून मुखाकडं. मामांना वाटलं, आता आपली वेळ आली. त्यांनी घरी-दारी विचार करून प्रोग्राम लिहिला, एकट्यानं. सगळ्या चारीची एक यादी. तिच्यावरून चालत जायचं. मुरमाड दिसलं की ते नाव दुसऱ्या यादीत टाकायचं आणि पहिल्या यादीतून काढून टाकायचं. म्हणजे शेवटी दोन याद्या राहणार, मुरमाडांची आणि काळ्यांची. क्लासात त्यांनी मोजकी नावं घालून चालवून दाखवलं. बरोबर आलं. मी पाठ थोपटली. माझ्या हातून पाठ थोपटून घेणारे तेच पहिले.

ऑफिसच्या प्रिंटरनं दोन कागद काढले, साहेबांनी सही केली, तांड्याच्या मंदिराच्या भिंतीवर ते चिकटवले. लोक काय करतात, आपापलं नाव शोधतात आणि निघून जातात. नानीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कुणाला तरी विचारलं, माझं नाव हाये का. तो म्हणाला, हाये. ते खरंच होतं. कोणत्या कागदावर, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

ही नानीबाई म्हणजे मामांच्या चुलतभावाची, लखमाची बायको. लखमा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामांचं आणि तिचं शेत चारीच्या मुखापाशी बांधाला बांध, दोन्ही मुरमाड, दोन्हीत गहू. मामा तिला भाबी म्हणायचे. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं शेत केलं होतं आणि कुणाची एक ओंजळ फुकट घेतली नव्हती. जिभेनं धारदार बाई. पण मामांवर तिचा विश्वास होता, आणि तसा तिचा विश्वास फार थोड्यांवर होता.

पाणी सुटलं. मी काही तिथं नव्हते, पुढचं सगळं मला मामांनीच सांगितलं. मुरमाडांचं एकेक शेत भिजत आलं आणि पाणी शेवटी मामांच्या शेतात शिरलं. गहू पोटरीत आलेला, पाण्यासाठी अगदी आसुसलेला. नानीबाई आपल्या बांधावर फावडं घेऊन तयार उभी. यांचं झालं की आपलं, शेजारीच तर आहे. मामांनी खिशातून कागद काढला, पुढचं नाव बघायला. तर मुरमाडांच्या कागदावर त्यांच्या नावाखाली काही नव्हतंच. तिथंच कागद संपला होता. दुसरा कागद काढला. काळ्या जमिनींच्या अगदी तळाला, सगळ्यांच्या शेवटी, नानीबाई भ्र. लखमा.

म्हणजे मामांच्या शेतानंतर दार पाडायचं, पाणी पार शेपटाला न्यायचं, आणि सगळी काळी शेतं भिजून फिरत फिरत ते नानीबाईकडं यायचं. तोवर तिचा गहू वाळून जाणार.

"माझी पाळी?" नानीबाईनं विचारलं.

मामांनी साहेबांना फोन लावायला माणूस पाठवला. साहेबांचा निरोप आला, सहीचा कागद आहे, एकाला बदल केला तर सगळी चारी दारात येईल. तोवर लोक जमले होते. ग्यानबा होताच. तो नुसता हसला आणि म्हणाला, "मशीन लई हुशार हाये बुवा. पाटकऱ्याचं शेत वळखती."

मामांनी काय केलं, तर आपल्या शेताचं दार पाडलं. निम्मं शेत कोरडंच होतं. त्यांच्या पाळीचा जो वेळ शिल्लक होता तेवढं पाणी त्यांनी नानीबाईच्या शेतात सोडलं. त्यांना वाटलं, यानं मिटेल. उलट झालं. ग्यानबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "चोर घावला की माल असाच परत करतो." आणि त्यावर कुणी काही म्हणालं नाही. हे मामांना जास्त लागलं.

वेळ संपली. पाणी पुढं न्यायचं होतं. मामांनी दारापाशी उभं राहून हाक मारली, "भाबी, बराबर का?"

नानीबाईचं शेत चांगलं भिजलं होतं. ती बांधावर पाठ करून उभी राहिली. मामांनी पुन्हा हाक मारली. ती वळली आणि म्हणाली, "तुझं काम कर, पाटकरी." जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांना नावानं हाक मारली नाही. मामांनी बराबर न ऐकता दार पाडलं.

दुसऱ्या दिवशी ते क्लासात आले ते चप्पल घालूनच. खुर्चीत बसले आणि गप्प. मामा आणि गप्प! मला काहीतरी भलतंच वाटलं. मी पाणी दिलं. मग त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "बाई, माझं नाव गेलं."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! त्या ग्यानबाला जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मी म्हटलं, "चला, आत्ता तांड्यावर जाऊ. मी सांगते सगळ्यांना, मशीनची चूक आहे म्हणून. माझं कोण ऐकत नाही बघू."

"मशीनीचं नका सांगू," मामा म्हणाले. "मशीनीला शेत हाये का? भिजलं कुणाचं, माझं. आन् लिवलं बी म्याच. काहून झालं ते मला दाखवा. मला दुसरं काय न्हाई पायजे."

नशीब, लाईट होती. त्यांचा प्रोग्राम मी वरून खाली वाचला. चूक दिसेना. परत वाचला. तरी दिसेना, आणि मी टेबलावर हात आपटला. मग विचार केला, आपणच डोळे फाडून कशाला बघायचं, मशीनलाच सांगू. एकेक पाऊल टाकलं की यादी कशी दिसते ते छापत जा म्हटलं. नावं सरसर पडद्यावर यायला लागली. आम्ही दोघं बोट लावून वाचत गेलो. शेवटून दुसरं नाव आलं, भीमसिंग. मुरमाड. उचललं, दुसऱ्या यादीत टाकलं, इथून काढलं. आणि तिथंच काम संपलं. नानीबाईच्या नावाकडं मशीननं पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "मामा, तांड्यात हापशावर हंड्यांची रांग लावता ना? समजा तुम्ही रांगेच्या कडेनं चालताय, एकेका जागेवरचा हंडा बघत. एका जागेवरचा हंडा तुम्ही उचलून बाजूला ठेवला. मग काय होतं?"

"मागचा फुडं सरकतो."

"आणि तुम्ही?"

"म्या बी फुडं..." ते थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले. "म्या फुडं गेलो, आन् जो सरकून माझ्या मागं आला, तो ऱ्हायला."

"मधे बाकीचे मुरमाडवाले सुटेसुटे होते. त्यांच्या मागं काळी जमीन. ती नाही पाहिली तरी काही बिघडत नव्हतं, ती जिथं राहायची तिथंच राहिली. पण शेवटी तुमचं आणि नानीबाईचं, मुरमाडाला लागून मुरमाड."

मामांनी पडद्यावरच्या नानीबाईच्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "रेशनच्या रांगेत डबा उचलला तर आमी जागेवर दगड ठेवतो, बाई. मागच्यानं सरकू नये म्हणून."

"तेच करायचं. यादीची एक नक्कल काढायची. नक्कल वाचत जायचं, तिला हात लावायचा नाही. काढाकाढी जी काय ती दुसरीत."

दोन ओळींची दुरुस्ती. पण मामांनी ती करू दिली नाही. "आत्ता नको," म्हणाले. "भाबीला बघू द्या. चूक जशी हाये तशी."

"तिला कम्प्युटरमधलं काय कळणार मामा?"

"मला काय कळत व्हतं?"

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. मामांनी मोतीबाईला पाठवलं, तरी ती आली नाही. मग म्हणे मामा स्वतः तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाबी, मला चोर म्हण, पण एकदा बघून म्हण." पुढच्या बाजारच्या दिवशी दुपारी नानीबाई माझ्या दारात. हातात पिशवी, तोंड घट्ट मिटलेलं. तिच्या मागं तांड्यातली चार माणसं, आणि अगदी मागं ग्यानबा. अब्बांनी हातातली मोटार तशीच सोडली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

"कुठं हरवलं माझं नाव?" नानीबाई बसतच म्हणाली. "दाव."

मामा कीबोर्डपुढं बसले. त्यांनी आधी प्रोग्राम चालवला. पडद्यावर नावं पडली. नानीबाईनं पडद्याकडं पाहिलं आणि मग मामांकडं, जसं काही कुणी तिला आंधळी समजून फसवून राहिलंय. लाईट जाऊ देऊ नको, या अल्ला, एवढंच माझ्या मनात.

मग मामांनी चहाचे रिकामे ग्लास उचलले आणि टेबलाच्या कडेनं एका ओळीत मांडले. एकेका ग्लासाला नाव दिलं. "हा ग्यानबाचा. हा किसनसिंगचा. ह्यो माझा. आन् ह्यो शेवटचा तुझा, भाबी." टेबल तिथंच संपत होतं. त्यांनी बोट पहिल्या ग्लासासमोर ठेवलं. "हे बोट म्हंजी मशीन. काळी जमीन, फुडं चल. काळी, फुडं चल. आता माझा. मुरमाड." आपला ग्लास त्यांनी उचलून बाजूला ठेवला. "माझी जागा मोकळी झाली, तर तुझा सरकला." नानीबाईचा ग्लास त्यांनी ओढून आपल्या जागेवर आणला. "आन् बोट?"

बोट त्यांनी एक जागा पुढं नेलं. ते टेबलाच्या कडेबाहेर गेलं. तिथं काहीच नव्हतं.

"मशीनीला वाटलं, यादी संपली," मामा म्हणाले. "म्हणून तू काळ्यातच ऱ्हायलीस."

ग्यानबानं मान पुढं काढून ग्लासांकडं पाहिलं. नानीबाई मात्र त्या हवेतल्या बोटाकडंच बघत होती. तिनं स्वतः हात पुढं केला, दोन्ही ग्लास परत जागेवर ठेवले, मामांचा उचलला, आपला सरकवला, आपलं बोट पुढं नेलं. बोट बाहेर गेलं. पुन्हा केलं. पुन्हा बाहेर.

मग तिनं असा प्रश्न विचारला, की माझ्या क्लासात कुणी पोरानंही कधी विचारला नव्हता. "माझं नाव मागं ऱ्हायलं तर ह्या मशीनीनं मागं वळून काहून न्हाई पाह्यलं?"

मला पुस्तकी उत्तर येत होतं. मी तोंड उघडलंही. पण मामा आधी बोलले.

"म्या सांगतलंच न्हाई तिला, भाबी. सांगायला पायजे व्हतं. मला सुचलंच न्हाई."

नानीबाईनं आपला ग्लास उचलून परत शेवटच्या जागेवर ठेवला. माझे डोळे भरून आले, काय सांगू, आणि मी रागानं पंखा मोठा केला.

"मंग आता सांग," ती म्हणाली.

मामांनी तिच्यासमोर त्या दोन ओळी बदलल्या. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. नक्कल काढली, नक्कल वाचायला लावली. माझा प्रिंटर खडखडत चालला आणि मुरमाडांचा कागद बाहेर आला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. पाळी केव्हाच पुढं गेली होती आणि मामांच्या निम्म्या शेतातला गहू त्या साली गेलाच. पण नानीबाई म्हणाली, "वाच."

मामा वाचत गेले. प्रत्येक नावाला तांड्यातली माणसं माना हलवत होती. शेवटून दुसऱ्या नावाशी आले. "भीमसिंग," म्हणाले आणि पुढचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. तिनंच ते घेतलं.

"नानीबाई भ्र. लखमा," ती म्हणाली.

मग तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, ग्यानबा वाटेत उभा होता त्याला हातानं बाजूला केलं. मामा अजून कागद धरूनच उभे होते. ती वळली आणि बांधावरून ओरडतात तशी, सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"भीमसिंग, बराबर!"